टाळ्यांची मजुरी

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा एक भाग पडद्यावर तास-दीड तासात आटोपतो. तो चित्रित व्हायला मात्र कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि त्यातला बराचसा काळ सूत्रसंचालक मंचावर नसतोच. दिवे सरकवले जातात, कॅमेऱ्यांच्या जागा बदलतात, स्पर्धकाच्या कपाळावरचा घाम टिपला जातो. या मधल्या वेळात एक तरुण माईक घेऊन प्रेक्षकांसमोर उभा राहतो आणि त्यांच्याकडून टाळ्यांचा सराव करून घेतो. आधी हलक्या, मग जोरदार, मग उभे राहून. नंतर आश्चर्याचा चेहरा, काळजीचा चेहरा, सुटकेचा चेहरा. समोर प्रश्न नाही, उत्तर नाही, कधी कधी खुर्चीवर स्पर्धकही नाही. तरी कॅमेरा हे सारे चेहरे टिपून ठेवतो. त्यांतला कोणता चेहरा कोणत्या क्षणाला जोडायचा, हे पुढे संकलनाच्या टेबलावर ठरते. घरी बसलेल्या माणसाला वाटते, एका गरीब स्पर्धकाच्या विजयाने त्या बाईचे डोळे भरून आले. डोळे भरून आलेले असतातही. पण कदाचित ते तीन तास आधी, आणि दिव्यांच्या झोतामुळे.

हे चेहरे कोठून येतात? मुंबईच्या उपनगरांतून येतात, तसे मध्य रेल्वेच्या टोकाकडच्या गावांतूनही येतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीला जायचे तर मध्य रेल्वेने दादर, तेथे जिना चढून-उतरून पश्चिम रेल्वे, आणि गोरेगावला उतरल्यावर बस किंवा रिक्षा. चार-पाच मैत्रिणींचा एखादा गट डोळ्यांसमोर आणावा. एक उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात नगावर मजुरी करणारी, दुसरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे पॅकिंगचे काम करणारी, तिसरी बदलापुरात घरी शिकवण्या घेणारी, चौथी नुसती ‘घरीच असते’ असे जिच्याविषयी सांगितले जाते, म्हणजे दिवसाचे चौदा तास राबणारी. कोणाच्या तरी ओळखीच्या को-ऑर्डिनेटरचा निरोप आलेला असतो. काळे-पांढरे कपडे नकोत, बारीक चौकड्यांचे नकोत, ही ताकीद सहसा आधीच मिळते. ठेवणीतली साडी निघते, डबे भरून ठेवले जातात, धाकट्याला शेजारच्या काकूंकडे सोपवले जाते आणि पहाटेची गाडी पकडली जाते. चित्रीकरणाच्या दारावर मोबाईल काढून घेतले जातात. मग कधी जेवण, कधी सुटी आणि शेवटची गाडी मिळणार की नाही, यांपैकी काहीच या मैत्रिणींच्या हाती राहत नाही.

असा गट दिसला की चळवळीतल्या बऱ्याच मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. लोक भुलले, भांडवलशाहीने गुंगीचे औषध पाजले, मोर्चाला बोलावले तर वेळ नसतो आणि टाळ्या वाजवायला मात्र गोरेगाव गाठतात, अशी वाक्ये तयारच असतात. यात थोडेसे तथ्य आहे, पण आळस अधिक आहे. जिला वर्षाकाठी एक दिवसही स्वयंपाकघराबाहेर स्वतःचा म्हणून मिळत नाही, ती मैत्रिणींबरोबर दिवसभर हसायला जाते, तेव्हा ती काय मिळवते आहे हे तिला पक्के ठाऊक असते. गाडीतल्या गप्पा, एकत्र खाल्लेला वडापाव, मोठ्या नटाला दहा हातांवरून पाहणे, घरी परतल्यावर सांगायला एक गोष्ट: ही मिळकत खोटी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगावच्या मैदानांवर माणसे जमवली, ती त्यांना आधी उपदेश पाजून नव्हे. ज्या परंपरेतून निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे नट घडले, तिने तरी लोकांच्या करमणुकीकडे नाक मुरडून पाहू नये.

तेव्हा प्रश्न या मैत्रिणी तेथे का जातात, हा नाही. तेथे गेल्यावर त्या जे करतात त्याला काय म्हणायचे, हा आहे. आणि त्याचे उत्तर सरळ आहे. त्याला काम म्हणायचे.

टाळी हा कामाचा प्रकार असू शकतो, ही कल्पना नवी नाही. रोमचा सम्राट नीरो गायला उभा राहत असे तेव्हा टाळ्यांसाठी पाच हजारांवर तरुणांची पथके शिकवून तयार केलेली असत आणि त्यांच्या नायकांना भरघोस मोबदला मिळे, असे स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे. १८२० साली पॅरिसमध्ये नाटकगृहांना टाळ्या वाजवणारी माणसे पुरवणारी रीतसर कचेरीच निघाली. कोणी कोठे हसायचे, कोणी रुमाल डोळ्यांना लावायचा, कोणी ‘पुन्हा एकदा’ म्हणून ओरडायचे, याची तेथे विभागणी असे. त्या धंद्याविषयी चांगले बोलण्यासारखे फार थोडे आहे. मात्र एक गोष्ट तेथे स्पष्ट होती: टाळी विकली जाते हे विकणाऱ्याला माहीत होते, घेणाऱ्यालाही माहीत होते, आणि तिचा भाव ठरलेला होता.

आजच्या स्टुडिओत हाच व्यवहार झाकलेला असतो. कार्यक्रमाला मोठ्या नटाचे वलय असेल तर प्रेक्षक निमंत्रित म्हणून येतात आणि फुकट बसतात. ते वलय नसेल तर खुर्च्या भरण्यासाठी को-ऑर्डिनेटरमार्फत माणसे आणली जातात. त्यांना दिवसाचे काही शे रुपये आणि जेवण मिळते. कधी दोन्ही प्रकारची माणसे एकाच रांगेत शेजारी-शेजारी बसतात. दोघींनी तितकेच तास दिलेले असतात आणि तितक्याच टाळ्या वाजवलेल्या असतात. एकीला मजुरी मिळते, दुसरीला पाहुणचार. मजुरी मिळणारीला वाटते, शेजारची भाग्यवान, तिला बोलावून आणले. पाहुणी म्हणून आलेलीला वाटते, शेजारची भाड्याची. या गैरसमजातून फायदा होतो तो तिसऱ्याचाच, आणि तो तिसरा या रांगेत बसलेला नसतो. को-ऑर्डिनेटरचे कामही उल्हासनगर-अंबरनाथच्या लोकांना अपरिचित नाही. कारखान्याच्या फाटकावर माणसे मोजून आत सोडणारा आणि प्रत्येक डोक्यामागे आपला हिस्सा कापून घेणारा मुकादम येथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. आता तो फोनवर निरोप पाठवतो आणि बोलतो जरा गोड, इतकाच फरक.

जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षकांच्या उत्साहासाठीही. रिकाम्या खुर्च्यांपुढे विचारलेला एक कोटी रुपयांचा प्रश्न किती केविलवाणा वाटतो, हे सर्वांनी पाहिले आहे. २०२० साली साथीमुळे ‘कौन बनेगा करोडपती’चे पर्व स्टुडिओतील प्रेक्षकांविना चित्रित करावे लागले, आणि प्रेक्षकांचे मत विचारण्याची सोय काढून तिच्या जागी स्पर्धकाच्या मित्राला पडद्यावर बोलावण्याची सोय आणली गेली. प्रेक्षक ही शोभेची वस्तू असती तर खेळाचे नियम बदलावे लागले नसते.

प्रेक्षकांचे मत विचारण्याच्या याच सोयीत या खेळाचे सारे रहस्य आहे. स्पर्धक अडला की तो सभागृहाकडे वळतो. प्रत्येकाजवळ एक छोटे यंत्र असते, त्यावर चारांपैकी एक बटण दाबायचे असते, आणि क्षणार्धात साऱ्या सभागृहाचे मत पडद्यावर उमटते. ‘कौन बनेगा करोडपती’ ज्या ब्रिटिश खेळावरून घेतला, तो १९९८ साली सुरू झाला. त्याच्या अमेरिकी आवृत्तीचा हिशेब जेम्स सुरोविएकी या लेखकाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात दिला आहे. स्पर्धकाने स्वतः निवडलेला जाणकार मित्र फोनवर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर उत्तर देई. स्टुडिओत बसलेला, कोणी न निवडलेला जमाव ९१ टक्के वेळा बरोबर ठरे. सभागृहाकडे सोपे प्रश्न जात असावेत, ही शंका त्या लेखकानेही नोंदवली आहे. ती मान्य करूनही अंतर लहान नाही. शिवणकाम करणारी, शिकवण्या घेणारी, कंत्राटी कामगार, निवृत्त कारकून अशी अनोळखी माणसे एकत्र बसली, प्रत्येकाने आपापल्या तुटपुंज्या माहितीवर बटण दाबले, की जे शहाणपण तयार होते ते एकट्या पंडिताच्या शहाणपणापेक्षा भरवशाचे असते. समाजवादी विचाराच्या बाजूने याहून चांगला पुरावा खुद्द बाजारपेठेने क्वचितच दिला असेल. आणि लगेच दुसरे दृश्य पाहावे. उत्तर बरोबर निघते, रक्कम दुप्पट होते, स्पर्धक हात जोडतो, जमाव टाळ्या वाजवतो. ज्ञान सगळ्यांचे, धनादेश एकाच्या नावाचा. सभागृहाने आपल्याच उत्तरासाठी दुसऱ्याचे कौतुक केले आणि तेही इशारा मिळाल्यावर. हा खेळ रोज रात्री घराघरांत मुलांसमोर चालतो.

त्या एकाला मिळालेल्या रकमेविषयी मत्सर बाळगण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ साली एक कोटी रुपये जिंकल्या तेव्हा महाराष्ट्रात अनेकांना घरचाच आनंद झाला. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी ही बाई हुशारीने आणि शांतपणे खेळली. पैसे मिळाल्यावर काय घेणार, असे विचारले तेव्हा त्यांनी मोबाईल फोनची इच्छा सांगितली, कारण घरात सर्वांमिळून एकच होता. सभागृह हेलावले, देश हेलावला. त्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात हे त्याच कार्यक्रमात सांगितले गेले. मात्र १,५०० रुपयेच का, हे कोणी विचारले नाही. पोषण आहाराच्या योजनेत स्वयंपाकी-मदतनीसांना केंद्राच्या निकषाप्रमाणे महिना १,००० रुपये ठरले ते २००९ साली, आणि तो आकडा पुढे वर्षानुवर्षे हलला नाही. त्यातही वर्षाचे दहाच महिने धरायचे. वर जी काही भर पडली ती राज्यांनी आपल्या तिजोरीतून घातली. महाराष्ट्रात १,५०० चे २,५०० झाले ते २०२३ साली. त्यामागे स्वयंपाकी बायांची निवेदने होती, उन्हातली धरणी होती, आझाद मैदानावरच्या रात्री होत्या. त्यांतल्या एकाही प्रसंगी संगीत वाजले नाही की दिव्यांचे झोत फिरले नाहीत. एका बाईच्या कोटीला टाळ्या पडल्या. हजारो बायांच्या हजार रुपयांच्या वाढीला वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या.

२०११ साली पाच कोटी जिंकलेले बिहारमधील मोतिहारीचे सुशीलकुमार हे रोजगार हमीच्या कामावर महिना ६,००० रुपयांचे संगणकचालक होते. त्या पैशानंतर आपल्या आयुष्याची कशी ओढाताण झाली, हे त्यांनीच २०२० साली जाहीरपणे लिहिले. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या कायद्याने. त्या योजनेतल्या कर्मचाऱ्याला सन्मानाने जगण्यासाठी लॉटरीसारखा प्रसंग लागावा, ही लाज त्या कर्मचाऱ्याची नाही.

घरी बसून खेळणाऱ्यांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००७ च्या पर्वात घरच्या प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती आणि एका संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश गेले, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये जमले. बक्षीस या संदेशांच्या पैशातूनच दिले जाते आणि लोकांना ते फुकट असल्याचे भासवले जाते, असा ठपका ठेवून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वाहिनी आणि दूरध्वनी कंपनी यांना एक कोटी रुपयांचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो आदेश रद्द ठरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. संदेशांचा हिशेब मात्र ज्याचा त्याने करावा.

चित्रनगरी उभी राहिली ती १९७७ साली. त्याच वर्षी त्या भागातून मृणाल गोरे लोकसभेवर निवडून गेल्या, हा योगायोग समाजवाद्यांना तरी आठवावा. पाण्याच्या हंड्यापासून राजकारण सुरू करणाऱ्या या बाईने आणि अहिल्या रांगणेकरांनी १९७२ साली महागाईविरुद्ध गृहिणींना रस्त्यावर आणले तेव्हा हातांत लाटणी होती आणि थाळ्या होत्या. तोही आवाज हातांचाच होता. पण तो कधी करायचा आणि कोणासमोर करायचा हे त्या बायकांनी ठरवले होते.

आणि हे फार जुने झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी बदलापूरकडे पाहावे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित लोकलच्या १० फेऱ्या वाढवल्या. ज्यांच्या पासात ती गाडी बसत नव्हती त्यांना फलाटावर उभे राहून ती जाताना पाहण्याची पाळी आली. कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी एकत्र आले, त्यांनी जाब विचारला, आणि आठवड्याभरातच त्या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या जमावाला कोणी इशारा दिला नव्हता. चित्रीकरणासाठी पहाटे निघणाऱ्या मैत्रिणी याच फलाटावरून जातात आणि त्याच गर्दीतल्या असतात. स्टुडिओत त्यांना नम्र जमाव म्हणून बसवले जाते. फलाटावर त्या नम्र नसतात. चळवळीने यांतल्या कोणत्या रूपाशी बोलायचे ते ठरवावे.

बोलायला विषयही आहे. सिनेकामगारांसाठीचा १९८१ चा कायदा कथापटांपुरता होता. दूरचित्रवाणीचा स्टुडिओ त्याच्या कक्षेबाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार कामगार संहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो योग्यच आहे. संपाचा हक्क आणि कामाची शाश्वती यांना त्यांनी लावलेली कात्री विसरता येणार नाही. पण कामाच्या जागेवरील सुरक्षिततेच्या संहितेत दृक्‌श्राव्य कामगाराची जी व्याख्या आहे, तीत रिॲलिटी शो आणि चर्चेचे कार्यक्रमही येतात; थेट वा कंत्राटदारामार्फत लावलेला, कुशल वा अकुशल, कोणत्याही प्रकारचे काम करणारा माणूस येतो; आणि अशा कामगाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामाला लावू नये, असे बंधन आहे. शत्रूच्या गोठ्यातले हत्यार म्हणून ते टाकून द्यायचे, की को-ऑर्डिनेटरसमोर धरायचे? मोबदल्यावर बसणाऱ्या प्रेक्षकाला लेखी करार, ठरलेले तास, वेळेवर जेवण, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि उशीर झाल्यास स्टेशनपर्यंत वाहन, इतके मागायला कोणत्याही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

हे क्षुल्लक आहे, असा आक्षेप पक्षातूनच येईल. गिरण्या गेल्या, अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना २०२१ साली महामंडळाच्या हवाली झाला, औद्योगिक वसाहतींत कायम कामगार शोधून सापडत नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांची संघटना कसली बांधता? आक्षेप वजनदार आहे. पण गिरण्या गेल्यावर माणसे कोठे गेली, याचाही शोध घ्यायला हवा. ती नगावर मजुरीच्या खोल्यांत गेली, घरोघर वस्तू पोहोचवणाऱ्या दुचाक्यांवर गेली, रात्रीच्या पहाऱ्यावर गेली, आणि त्यांच्यातलीच काही महिन्यातून दोन-तीनदा स्टुडिओच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. ज्या कामाला मालकाने काम म्हणायचेच नाकारले आहे, अशा कामांची यादी लांबत चालली आहे. तीत घरकामही आहे, शाळेतली खिचडीही आहे आणि टाळीही आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर येथील कार्यकर्त्यांना सुरुवात करायची तर ती सोपी आहे. चित्रीकरणाला जाऊन आलेल्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत आणि त्यांना त्याविषयी बोलायला आवडते. नट जवळून कसा दिसतो हे आधी मन लावून ऐकून घ्यावे. मग कोणी बोलावले, किती ठरले, किती हातात पडले, किती वाजता सोडले आणि दादरहून कोणती गाडी मिळाली, ते वहीत उतरवून घ्यावे.